कार्डिओ यंत्रांची निवड

कार्डिओ यंत्रे म्हणजे हृदय, फुप्फुसे व रक्ताभिसरण यांची कार्यक्षमता वाढविणारा सातत्यपूर्ण व्यायाम एका जागी राहून करता यावा, यासाठी बनविलेली व्यायामयंत्रे होत. ट्रेडमिल, स्थिर सायकल, क्रॉस ट्रेनर (एलिप्टिकल), रोइंग यंत्र आणि जिना चढण्याचे यंत्र हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. या सर्व यंत्रांवर हृदयगती वाढते व श्वसन जलद होते. मात्र सांध्यांवर येणारा भार, वापरले जाणारे स्नायू, लागणारे कौशल्य आणि विजेची गरज या बाबतींत ती एकमेकांपासून भिन्न आहेत. त्यामुळे सर्वांसाठी एकच यंत्र श्रेष्ठ ठरत नाही. व्यायामाचा हेतू, शरीराची स्थिती आणि परिसर यांवरून निवड करावी लागते. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, औद्योगिक धूळ, पोलीस व वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांची मोठी संख्या आणि सिकलसेल आजाराचे प्रमाण यांमुळे या निवडीला विशेष महत्त्व प्राप्त होते.

## इतिहास

एका जागी राहून पाय चालविण्याच्या यंत्राचा मोठा वापर व्यायामाआधी शिक्षेसाठी झाला. इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्युबिट याने १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी पायचक्की तयार केली. कैदी तिच्या फिरत्या पायऱ्या तासन्‌तास चढत असत. त्याआधी १७९६ मध्ये फ्रान्सिस लाउंड्स याने ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. हातपाय फिरविण्याचे हे यंत्र स्थिर सायकलीचे पूर्वरूप मानले जाते.

आधुनिक ट्रेडमिलचा विकास हृद्‌रोगनिदानाच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनी १९५२ मध्ये वैद्यकीय ट्रेडमिल विकसित केली. ब्रूस यांच्या चाचणीपद्धतीत पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किमी वेग व १० टक्के चढ असतो आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढविले जातात. भारतातील रुग्णालयांत ‘टीएमटी’ किंवा ‘स्ट्रेस टेस्ट’ या नावाने केली जाणारी तपासणी याच परंपरेतील आहे. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर अशा व्यायामाचा प्रसार सर्वसामान्यांत झाला. जिना चढण्याची यंत्रे व पंख्याच्या चक्रावर चालणारी रोइंग यंत्रे १९८० च्या दशकात, तर क्रॉस ट्रेनर १९९० च्या दशकाच्या मध्यास व्यायामशाळांत आले.

महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा तालीम, आखाडा, मल्लखांब, जोर-बैठका आणि कुस्ती यांची आहे. विदर्भात या परंपरेला संस्थात्मक रूप देण्यात अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा मोठा वाटा आहे. या परंपरेत दमसास वाढविण्यासाठी धावणे, बैठका व कुस्तीचा सराव हीच साधने होती. यंत्रांवरील कार्डिओ व्यायाम हा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलेला अलीकडचा भाग आहे.

## शरीरावर होणारा परिणाम

मोठे स्नायूसमूह लयबद्ध रीतीने काम करू लागले की त्यांची प्राणवायूची गरज वाढते. ती भागविण्यासाठी हृदयाचे ठोके व प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त वाढते. विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेते. जोमदार व्यायामात हे प्रमाण ६० लिटरच्या पुढे जाऊ शकते. नियमित सरावाने शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढते आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी ठोके पुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम तीव्रतेचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोमदार स्वरूपाचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम करणे हितावह आहे. तो कोणत्या यंत्रावर करावा किंवा यंत्रावरच करावा, असे या सूचना सांगत नाहीत.

### तीव्रतेचे मापन

व्यायामाची तीव्रता ‘मेट’ या एककात सांगितली जाते. स्वस्थ बसलेल्या अवस्थेतील ऊर्जावापर म्हणजे १ मेट होय. मेट, किलोग्रॅममधील वजन आणि तासांतील वेळ यांचा गुणाकार केल्यास खर्च झालेल्या किलोकॅलरींचा अंदाज मिळतो. उदाहरणार्थ, ६० किलो वजनाच्या व्यक्तीने ५ मेट तीव्रतेचा व्यायाम अर्धा तास केल्यास सुमारे १५० किलोकॅलरी खर्च होतात.

दैनंदिन वापरासाठी ‘बोलण्याची कसोटी’ सर्वांत सोपी आहे. मध्यम तीव्रतेत बोलता येते पण गाता येत नाही. जोमदार व्यायामात काही शब्दांनंतर श्वास घेण्यासाठी थांबावे लागते. कमाल हृदयगती काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याची रीत प्रचलित आहे. परंतु ती सरासरीवर आधारलेली असल्याने एकाच वयाच्या दोन व्यक्तींच्या प्रत्यक्ष कमाल गतीत मिनिटाला दहा-बारा ठोक्यांचा किंवा त्याहूनही अधिक फरक असू शकतो.

## प्रमुख प्रकार

### ट्रेडमिल

ट्रेडमिलवर फिरत्या पट्ट्यावर चालता किंवा धावता येते. चालणे ही उपजत क्रिया असल्याने नवख्या व्यक्तीस विशेष कौशल्य लागत नाही. चालताना पायावर येणारा जमिनीचा प्रतिरोध शरीराच्या वजनाइतका ते दीडपट, तर धावताना दोन ते तीनपट असतो. हाडांच्या बळकटीसाठी असा भार उपयुक्त असतो. मात्र दुखऱ्या गुडघ्यांसाठी तो त्रासदायक ठरू शकतो.

चढ वाढविण्याची सोय हा या यंत्राचा मोठा गुण आहे. प्रचलित सूत्रानुसार सपाट पट्ट्यावर ताशी ५ किमी वेगाने चालण्याची तीव्रता सुमारे ३.४ मेट असते. त्याच वेगात ५ टक्के चढ दिल्यास ती सुमारे ५.५ व १० टक्के चढ दिल्यास सुमारे ७.७ मेटपर्यंत जाते. म्हणजेच धावण्याचा आघात टाळूनही संथ धावण्याच्या जवळपास जाणारी तीव्रता गाठता येते. पुढच्या दांड्याला धरून चालल्यास मात्र शरीराचा काही भार हातांवर जातो आणि प्रत्यक्ष श्रम पडद्यावरील आकड्यापेक्षा कमी होतात.

### स्थिर सायकल

स्थिर सायकलीत शरीराचे वजन आसनावर असते. त्यामुळे गुडघे, घोटे व पाऊल यांवर आघात होत नाही. उभ्या बैठकीची, पाठीला टेकू असलेली आणि पंख्याच्या चक्राची (एअर बाइक) असे तिचे प्रकार आहेत. कंबरदुखी, तोल जाण्याची भीती किंवा अधिक वजन असलेल्या व्यक्तींना टेकू असलेली सायकल सोयीची पडते. आसनाची उंची चुकल्यास गुडघेदुखी उद्भवू शकते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित, साधारण २५ ते ३५ अंश, वाकलेला असणे योग्य मानले जाते. मांड्यांचे स्नायू लवकर थकत असल्याने सायकलीची सवय नसलेल्या व्यक्तीला हृदयाची कमाल क्षमता गाठण्यापूर्वीच थांबावे लागते.

### क्रॉस ट्रेनर

क्रॉस ट्रेनरवर पावले पायटांवरून न उचलता लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतात व हात दांड्यांबरोबर मागे-पुढे होतात. उभ्याने व्यायाम होत असूनही पाऊल आपटत नाही. त्यामुळे धावण्याकडून सायकलीकडे वळू न इच्छिणाऱ्या, परंतु आघात टाळण्याची गरज असलेल्या व्यक्तींसाठी हा मधला पर्याय आहे. यंत्राच्या पावलाची लांबी ठरलेली असल्यास फार उंच किंवा बुटक्या व्यक्तीला ते अवघडल्यासारखे वाटते.

### रोइंग यंत्र

रोइंग यंत्रावर नाव वल्हविण्यासारखी क्रिया केली जाते. पाय, पाठ आणि हात असे शरीरातील बहुतेक मोठे स्नायूसमूह यात वापरले जातात. आधी पाय ताठ करणे, मग पाठ मागे नेणे व शेवटी हात ओढणे आणि परतताना नेमका उलटा क्रम पाळणे, हे तंत्र शिकून घ्यावे लागते. पाठीत बाक काढून ओढल्यास कंबरेवर ताण येतो. गुडघे पूर्ण वाकत नसतील तर हे यंत्र गैरसोयीचे ठरते.

### जिना चढण्याचे यंत्र

फिरत्या पायऱ्यांच्या या यंत्रावर शरीराचे वजन सतत वर उचलावे लागते. त्यामुळे कमी वेगातही धाप लागते. नितंब व मांड्यांच्या बळकटीसाठी ते उपयुक्त आहे. मात्र गुडघ्याच्या वाटीमागे दुखणाऱ्या व्यक्तींना ते सहसा सोसत नाही.

### तुलना

| यंत्र | सांध्यांवरील आघात | वीज | अंदाजे तीव्रता |
|---|---|---|---|
| ट्रेडमिल (ताशी ८ किमी धावणे) | अधिक | आवश्यक | ८.३ मेट |
| स्थिर सायकल (९० ते १०० वॅट) | अत्यल्प | बहुधा अनावश्यक | ६.८ मेट |
| क्रॉस ट्रेनर (मध्यम श्रम) | कमी | यंत्रागणिक भिन्न | ५ मेट |
| रोइंग यंत्र (१०० वॅट) | अत्यल्प | बहुधा अनावश्यक | ७ मेट |
| जिन्याचे यंत्र | मध्यम | बहुधा आवश्यक | ९ मेट |

कोष्टकातील तीव्रता शारीरिक हालचालींच्या ऊर्जामूल्यांच्या २०११ मधील आंतरराष्ट्रीय संकलनावर आधारित आहे. ही त्या-त्या पातळीची मूल्ये असून यंत्रांची क्रमवारी नव्हे. प्रतिरोध किंवा वेग वाढविल्यास कोणत्याही यंत्रावरील तीव्रता वाढते.

## निवडीचे निकष

### हेतू

सर्वसाधारण आरोग्य, रक्तदाब व रक्तशर्करेवर नियंत्रण किंवा वजन आटोक्यात ठेवणे हा हेतू असल्यास यंत्राच्या प्रकारापेक्षा आठवड्याचा एकूण वेळ व श्रमांची तीव्रता अधिक महत्त्वाची असते. ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या नियतकालिकात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात सहा घरगुती यंत्रांची तपासणी करण्यात आली. व्यायाम करणाऱ्याला सारखेच श्रम जाणवत असताना ट्रेडमिलवर सर्वाधिक ऊर्जा खर्च होत असल्याचे त्यात आढळले. मात्र गुडघेदुखीमुळे ट्रेडमिल दहा मिनिटांत सोडावी लागणारी व्यक्ती सायकलीवर चाळीस मिनिटे टिकत असेल, तर तिच्यासाठी सायकलच अधिक फलदायी ठरते.

विशिष्ट क्रीडाप्रकार किंवा चाचणी हा हेतू असल्यास निकष बदलतो. शरीर ज्या हालचालीचा सराव करते त्याच हालचालीत ते सर्वाधिक सुधारते. या तत्त्वास ‘विशिष्टतेचे तत्त्व’ म्हणतात. सायकलीवर कमावलेला दम धावताना काही अंशीच उपयोगी पडतो, कारण पोटऱ्या, घोटे व स्नायुबंध यांना जमिनीच्या आघाताची सवय झालेली नसते.

### शरीराची स्थिती

गुडघ्यांच्या संधिवातात स्थिर सायकल किंवा क्रॉस ट्रेनर, तर पायांना अधूपण असल्यास हातांनी फिरविण्याचे यंत्र उपयुक्त ठरते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असल्यास ट्रेडमिलवर पायाला होणारी जखम लक्षात येत नाही. अशा वेळी सायकल अधिक सुरक्षित असते. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा हृद्‌रोगाचा पूर्वेतिहास असल्यास व्यायाम सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

### यंत्रावरील आकडे

पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरी हा अंदाज असतो. वजनाची नोंद न केल्यास यंत्र ठरावीक वजन गृहीत धरते. वेगवेगळ्या उत्पादकांची सूत्रेही भिन्न असल्याने दोन यंत्रांची तुलना या आकड्यांवरून करणे योग्य नाही. एकाच यंत्रावरील स्वतःची प्रगती पाहण्यासाठी मात्र ते उपयोगी पडतात.

## चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील संदर्भ

### उष्मा व धूळ

कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे चुनखडीच्या साठ्यांमुळे वाढलेले सिमेंट उद्योगाचे शहर आहे. गडचांदूर व आवारपूर परिसरात मोठे सिमेंट कारखाने असून वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरचा समावेश अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला, तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही चंद्रपूर शहर समाविष्ट आहे. व्यायामात आत घेतली जाणारी हवा कित्येक पटींनी वाढत असल्याने वर्दळीच्या रस्त्याकडेला धावताना धूळही त्याच प्रमाणात शरीरात जाते. बंदिस्त व्यायामशाळा हा त्यावरील अंशतः उपाय आहे. रस्त्याकडील दारे-खिडक्या उघड्या असल्यास आतील हवाही बाहेरच्यासारखीच होते.

मे महिन्यात या भागात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नित्याचे आहे. बाहेर धावताना अंगावरून वारा वाहतो. ट्रेडमिलवर तो नसल्याने घाम लवकर वाळत नाही व शरीर अधिक तापते. त्यामुळे यंत्रासमोर पंखा असणे ही चैनीची बाब नसून गरज ठरते. विदर्भात सर्वत्र वापरला जाणारा कूलर कोरड्या उन्हाळ्यात परिणामकारक असतो. पावसाळ्यात मात्र तो हवेतील दमटपणा वाढवितो व घामाच्या बाष्पीभवनात अडथळा आणतो. उष्ण हवेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात वेग व वेळ कमी ठेवावी लागते. व्यायाम करताना बोलण्यात असंबद्धता, गोंधळ किंवा बेशुद्धी आढळल्यास तो उष्माघात समजून त्या व्यक्तीचे शरीर तत्काळ थंड करणे व तिला रुग्णालयात हलविणे आवश्यक असते.

### भरतीपूर्व तयारी

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याचा समावेश असतो. वनरक्षक भरतीत पुरुषांसाठी ५ किमी व महिलांसाठी ३ किमी धाव असते; त्याखेरीज चार तासांत पुरुषांना २५ किमी व महिलांना १६ किमी चालण्याची चाचणी द्यावी लागते. वनव्याप्त जिल्ह्यांतील अनेक तरुण-तरुणींसाठी ही नोकरी कुटुंबाच्या स्थैर्याचा आधार असल्याने सरावाच्या साधनाची निवड केवळ आवडीची बाब राहत नाही.

या तयारीत ट्रेडमिलच्या मर्यादा स्पष्ट होतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण करायचे असल्यास सरासरी वेग ताशी सुमारे १७.५ किमी लागतो. अनेक घरगुती व हलक्या ट्रेडमिलचा कमाल वेग याहून कमी असतो. शिवाय पट्टा स्वतः फिरत असल्याने वेग कायम राखण्याचे काम यंत्र करते. मैदानावर ते धावपटूला स्वतः करावे लागते. वळणावर धावणे, गर्दीतून वाट काढणे व पहिल्याच फेरीत दम संपू न देणे या गोष्टी यंत्रावर शिकता येत नाहीत. हवेचा विरोध नसल्याने वेगाने धावताना ट्रेडमिलवरील श्रम काहीसे कमी असतात. १९९६ मधील एका ब्रिटिश अभ्यासानुसार १ टक्का चढ ठेवल्यास हा फरक बव्हंशी भरून निघतो.

५ किमीची धाव २५ मिनिटांत पूर्ण करण्यासाठी ताशी १२ किमी, तर २५ किमीच्या चालीसाठी ताशी ६.२५ किमी सरासरी वेग लागतो. हे वेग बहुतेक ट्रेडमिलवर मिळतात. त्यामुळे कडक ऊन, मुसळधार पाऊस किंवा पहाटेच्या अंधारात जंगलालगतच्या रस्त्यावर वन्यप्राण्यांचा धोका असताना ट्रेडमिल हा पूरक पर्याय ठरतो. पाय दुखावलेल्या काळात दम टिकविण्यासाठी सायकल किंवा क्रॉस ट्रेनरचा वापर करता येतो. मुख्य सराव मात्र मैदानावर, चाचणीसारख्याच पृष्ठभागावर होणे आवश्यक असते.

### सिकलसेल व व्यायाम

पूर्व विदर्भातील काही आदिवासी व अन्य समाजगटांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल रुग्णांत शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम व तापमानातील टोकाचे बदल यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. केवळ वाहक असलेल्या व्यक्ती सहसा निरोगी जीवन जगतात. परंतु उष्ण हवेत, सरावाची सवय नसताना अत्यंत जोमाने धावल्यास वाहकांमध्येही क्वचित स्नायूंची गंभीर हानी होऊन जीवाला धोका उद्भवतो.

रुग्णांनी व्यायामाचे स्वरूप वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे लागते. वाहक असणे हे व्यायाम टाळण्याचे कारण नसते. मात्र श्रम टप्प्याटप्प्याने वाढविणे, मध्ये पुरेशी विश्रांती घेणे, पाणी पिणे आणि पायांत असह्य अशक्तपणा किंवा वेदना जाणवताच थांबणे आवश्यक असते. प्रतिरोध अल्प प्रमाणात वाढविता येणारी व क्षणात थांबविता येणारी स्थिर सायकल आरंभीच्या काळात यासाठी सोयीची असते. रक्ततपासणीने वाहक असल्याचे आधीच समजल्यास भरतीच्या तयारीची आखणी सुरक्षितपणे करता येते.

### वीज व देखभाल

मोटारीवर चालणाऱ्या ट्रेडमिलला अखंड वीजपुरवठा लागतो. वादळी पावसात वीज अचानक गेल्यास पट्टा थांबतो व धावणारा पुढे कलंडू शकतो. म्हणून बाजूचे दांडे महत्त्वाचे असतात. धुळीच्या भागात पट्ट्याखाली साचणारी धूळ घर्षण व मोटारीवरील भार वाढविते; त्यामुळे नियमित सफाई व वंगण आवश्यक असते. चुंबकीय प्रतिरोधाची सायकल व पंख्याच्या चक्राचे रोइंग यंत्र विजेशिवाय चालते व त्यांची देखभाल तुलनेने सोपी असते. ग्रामपंचायत किंवा सार्वजनिक मंडळाच्या व्यायामशाळेसाठी साहित्य निवडताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

## यंत्रांना पर्याय

भरभर चालणे, टेकडी चढणे, सायकल चालविणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या, बैठका तसेच कबड्डी व खो-खो यांसारखे खेळ यांतूनही हृदय व फुप्फुसांना तोच लाभ मिळतो. शेतीतील किंवा खाणीतील कष्टाचे काम करणाऱ्यांच्या दिवसभराच्या हालचालीचाही विचार करावा लागतो. दिवसभर उभ्याने राबलेल्या व्यक्तीसाठी सायंकाळी जिन्याच्या यंत्रापेक्षा सायकलीवरील हलका व्यायाम योग्य असतो. तर दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यासाठी उभ्याने करावयाचा व्यायाम हितकर ठरतो.

## हेही पहा

* मल्लखांब
* स्ट्रेस टेस्ट
* सिकलसेल
* उष्माघात
* गडचांदूर